न उचललेलं पाऊल

गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला परवा बजावलं, "बाई, पाय घासत चालू नका. पाऊल नीट उचलून टाका, नाहीतर एक दिवस पडाल." मी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला एकटीलाच हसू फुटलं. हे वाक्य माझ्या फुईच्या कानावर पडलं असतं तर डॉक्टरांची काही खैर नव्हती. फुईला जगात दोन गोष्टींचा मनापासून संताप यायचा. एक पाणचट पेज, आणि दुसरं चिखलात पाय उचलणारं माणूस.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या कैनाड गावापासून गुजरातची हद्द काही फार लांब नाही, त्यामुळे 'आत्या' हा शब्द मी पुस्तकात वाचला, घरात कधी ऐकला नाही. तिचं सासर तलासरीकडे, उधव्याला. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि माझी आई मी रांगत असतानाच वारली होती म्हणून ती राहिली ती कायमचीच. घर तिचं, चूल तिची. बाबा घरातले कर्ते खरे, पण बहिणीसमोर त्यांचा आवाज फार वेळ टिकायचा नाही. कधी चढलाच तर ती नुसतं "लक्ष्या" एवढंच म्हणायची आणि चुलीत फुंकर घालायची. मला ती मायेनं जवळ घेऊन बसली आहे असं चित्र काही डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या ताटात मात्र भाजलेल्या बोंबलाचा मधला, जाड तुकडा असायचा आणि तिच्या ताटात डोकं. हे मला कळायला फार वर्षं लागली.

पावसाळ्यात आमच्या घराला एक ठरावीक वास असे. चुलीवर टांगलेल्या टोपलीत सुके बोंबील, धाकट्या डहाणूच्या बायकांनी उन्हाळ्यात भाताच्या बदल्यात देऊन ठेवलेले. खाली ओल्या लाकडांचा धूर. कोपऱ्यात नाचणीच्या पिठाचं डबडं. रानात शेवळांची भाजी निघाली की फुई ती काकडाची आंबट फळं घालूनच रांधायची, कारण काकडांशिवाय शेवळं म्हणजे घशाला खाज. आवाजही ठरलेले. पहाटे गोठ्यात कवड्या आणि तांबड्या या आमच्या बैलांचं फुरफुरणं, पत्र्यावरचा पाऊस, आणि दिवस वर आला की ओहोळापलीकडच्या गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज. ही गिरणी विजेवर चालणारी. वीज आमच्याकडे नवीनच आली होती. घरात एकच दिवा, तोही मन मानेल तेव्हा; पण आमच्या वरच्या खाचराच्या बांधावर विजेचा खांब उभा राहिला होता आणि बाबांना त्या खांबाचं कोण कौतुक! पाहुणा आला की त्याला आधी खांब दाखवायचे, मग पाणी विचारायचे. विजेबद्दल गावाचं शास्त्र साधं होतं: तारेला हात लावला तर ती धरते, नाही लावला तर बिचारी काही करत नाही. सापासारखंच. शेपटीवर पाय दिला नाही तर तो आपला आपल्या वाटेनं जातो.

आता आवणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या एका पावलावर उभं आहे. भाताची रोपं उपटून खाचरात लावायची, ती आमची आवणी. बायका ओळीनं वाकतात, रोपं चिखलात खोचतात आणि मागे मागे जातात; लावलेलं समोर राहतं. यात पाय उचलायचा नसतो. पाऊल चिखलातून उपसून काढलं की तिथे खड्डा राहतो, खड्ड्यात पाणी भरतं, आणि तिथे खोचलेलं रोप दुसऱ्या दिवशी मेलेल्या मासळीसारखं तरंगत असतं. म्हणून टाच मागे सरकवायची, वीतभर, मग दुसरा पाय तिच्याजवळ आणायचा. चिखल आपोआप सारवल्यासारखा सपाट होतो. फुई अशी मागे जायची की पोटऱ्यांभोवतालच्या पाण्याला कळायचंही नाही. मी मात्र ढेंगा टाकायची. "ए बगळी," ती न बघताच ओरडायची, "पाय नको उचलू! तुझ्या मागं माना दुसरी आवणी करायला लागते." आमच्या बोलीत 'माना' म्हणजे मला. बगळी हे माझं नावच पडलं. सुमन हे नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं.

बगळी बारावीपर्यंत पोचली हे सगळ्यांना नवलच होतं. एसटीनं डहाणूला कॉलेजात जायचं, तिन्हीसांजेला परत. त्या वर्षी जूनमध्ये फिजिक्सच्या सरांनी पहिलाच धडा विद्युत प्रभारांचा काढला. सर मुंबईकडचे, अंगाने किरकोळ, शर्टाच्या बाहीला कायम खडू. त्यांनी एका काचेच्या थाळीत एरंडेल तेल ओतलं, वर चिमूटभर रवा भुरभुरला, मधोमध एक तार टेकवली आणि कोपऱ्यातलं चाकाचं यंत्र हाताने गरगर फिरवायला लागले. आणि तो रवा हलला हो! आपणहून हलला, आणि तारेपासून चहूबाजूंना ओळी धरून उभा राहिला. आमचा वर्ग, जो एरवी कशानेही गप्प होत नसे, तो गप्प झाला. "रेषा तिथे नाहीत," सर म्हणाले. "तिथे फक्त ढकलणं आहे. तुम्ही एक धन प्रभार तिथे ठेवलात तर तो ज्या बाजूला ढकलला जाईल, ती त्या रेषेची दिशा. धनापासून बाहेर, ऋणाकडे आत. बाण विसरलात तर रेष फुकट." मी पहिल्याच चाचणीत सगळे बाण उलटे काढले होते. सरांनी लाल खुणा करून शेजारी लिहिलं, 'सगळे घराकडे का निघाले?'

मग मी हट्टाने घरी सराव केला. ओटीच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशाने एक ठिपका, त्यातून बाहेर जाणाऱ्या रेघा, प्रत्येक रेघेला बाण. फुई परड्यातून आली आणि थबकली. "हे साळिंदर कुणी काढलं ओटीवर?" मी तिला समजवायला गेले की हा प्रभार आहे, आणि या रेघा म्हणजे तो कुठे ढकलतो ते. ती म्हणाली, "साळिंदराला कुणी सांगायला लागत नाय काटे कठं ते," आणि शेणाचा हात फिरवून तिने साळिंदर पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढलं, आणि या वेळी रेघांना आडवी छेदणारी गोल गोल वर्तुळंही काढली, कारण त्या दिवशी वर्गात कावळ्याचा विषय निघाला होता. तारेवर बसलेला कावळा मरत का नाही, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच पातळीवर. फरक नाही, मग ढकलणार कोण? हीच गोष्ट जमिनीवरही. जिवंत तार जमिनीला टेकली की तिच्याभोवती वीज अशीच रेषारेषांनी पसरते, आणि तारेपासून सारख्या अंतरावरच्या जागा, म्हणजे एक वर्तुळ, एकाच पातळीवर असतात. दोन्ही पाय एका वर्तुळावर ठेवलेस तर थोडक्यात वाचशील. एक पाय जवळ, एक लांब, असा रेषेवर उभा राहिलास तर दोन पायांमधला सगळा फरक तुझ्यातून जाईल." हे त्यांनी सहज सांगितलं आणि ते पुढच्या गणिताकडे वळले.

त्यानंतर आठवडाभरातच बाबांनी मला आवणीसाठी घरी ठेवून घेतलं. "आवणी होऊ दे, मग बघू," ते म्हणाले. आमच्या घरात 'मग बघू'चा अर्थ कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होता. 'मग बघू' म्हणजे नाही. माझ्या दोन मैत्रिणींची कॉलेजं अशीच 'मग बघू'त बुडाली होती. मी फुईकडे बघितलं. ती नाचणीची भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही, होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी मुद्दाम चिखलात फताड फताड पाय उचलत चालले, आणि तिने मला मुद्दाम हाक मारली नाही. ते दिवस असे गेले. घरात कुणी कुणाशी भांडत नव्हतं, पण भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. वरच्या खाचराची चिखलणी झाली होती, बाबांनी बैलांचं जू उतरवलं आणि त्यांना बांधाकडच्या गवताला मोकळं सोडलं. फुई खाचराच्या मध्यावर उभी राहून रोपांच्या जुड्या इकडे तिकडे फेकत होती, म्हणजे नंतर ओळ धरताना हाताशी याव्यात. मी आणि शेजारची शेवंती खालच्या बांधावर जुड्या आणून टाकत होतो. शेवंतीचा नवरा रघू आणि बाबा तिथेच उभे राहून तंबाखू मळत होते. खांबाशेजारी आमचा जुना ताड. त्याची एक वाळकी झावळी कधीची लोंबत होती. वाऱ्याचा एक झोत आला, झावळी सुटली, आणि 'फट्' असा एक आवाज झाला. झावळ्या पडतच असतात. कुणी मान वळवली नाही, मीही नाही.

मग कवड्या पडला. तो खांबाच्या दिशेने, पाण्यातूनच, गवताकडे सरळ चालत होता. एकाएकी त्याचे चारी पाय ताठले आणि तो कुशीवर कोसळला. ओरडला नाही. नुसती पाण्याची एक चादर वर उडाली आणि खाली आली. "जनावर डसलं!" बाबा ओरडले. आमच्याकडे साप म्हणत नाहीत, निदान तो आसपास असताना. फुई सगळ्यात जवळ होती. तिने हातातली जुडी तशीच धरली आणि ती कवड्याकडे निघाली. मी जुड्या खाली टाकल्या, आणि का कोण जाणे, माझी नजर वर गेली. खांबावर तारा असायच्या त्यांत एक कमी होती.

तेवढ्यात मला तांबड्या दिसला. तो कवड्याच्या मागेच, फार लांब नव्हे, पण आडवा उभा होता. खांबाकडे त्याचं तोंड नव्हतं, शेपूटही नव्हती; कूस होती. तो थरथरत होता, पण उभा होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पाण्याने भरलेलं खाचर राहिलंच नाही, आमची ओटी आली. झावळीखाली जिथे ती तार पाण्यात गेली होती तिथे ठिपका, आणि ठिपक्यातून चहूकडे निघालेल्या रेघा. कवड्या रेघेवर होता. पुढचे पाय जवळ, मागचे लांब. तांबड्या वर्तुळावर होता. आणि माझी फुई रेघेवरून त्या ठिपक्याकडे चालत निघाली होती.

आज हे लिहिताना माझ्या फिजिक्सच्या वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी मनात येऊन टोकतोच: बाई, ती वीज तर एसी, बाण सेकंदात कितीदा तरी उलटतो, मग दिशा कुठली? बरोबर आहे बाळा. बाणाचं टोक आत होतं, बाहेर होतं, आत होतं. पण रेघ हलत नाही. साळिंदराने काटा तुझ्याकडे रोखला काय आणि आत ओढला काय, काट्याची वाट तीच असते. आणि माणूस मरतो तो त्या वाटेवर पाय फाकून उभा राहिल्याने.

"फुई! थांब! आहेस तिथं थांब!" मी किंचाळले. तशी किंचाळी माझ्या तोंडून पुन्हा कधी निघाली नाही. ती थांबली, पण माझ्यामुळे नाही. तिचा पुढचा पाय गुडघ्यातून झटका खाऊन वाकला होता. "पायात मुंग्या भरल्यात गो," ती नवल वाटल्यासारखी म्हणाली. बाबा बांधावरून उडी मारायच्या बेतात होते. मी त्यांच्या पायांना मिठी मारली आणि आम्ही दोघंही बांधावर आडवी झालो. "सोड माना! बैल मरतोय माझा!" "बाबा, साप नाही तो! तार तुटलीय! पाण्यात वीज आहे, कुणी जायचं नाही!" "तार तठं हाय, ती अठं उभी हाय! तिनं कठं हात लावलाय?" ते माझी बोटं सोडवत होते. हात न लावताही वीज धरते हे त्यांना एका क्षणात कसं पटावं? मला तरी कुठे पटलं असतं, रवा हललेला पाहिला नसता तर? मी एवढंच म्हणाले, "बाबा, कवड्यानं लावला होता का हात?" त्यांची बोटं ढिली पडली. रघूला मात्र पुढचं सांगावं लागलं नाही. आमच्या खांबाची आणि गिरणीची वीज बंद करायची डीपीची पेटी ओहोळापलीकडे, गिरणीच्या अंगाला होती. तो चिखल तुडवत धावत सुटला.

त्याला जाऊन पोचायला वेळ लागणार होता. फुई पाय जुळवून नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं, पण वारा थांबत नव्हता. खांबाकडून लोंबणारी ती तार वाऱ्याबरोबर ओढली जात होती आणि तिच्यावरची झावळी पाण्यात हळूहळू आमच्या बाजूला सरकत होती. ठिपकाच फुईकडे येत होता. "फुई, पाय जुळव! दोन्ही पाय एकाला एक लाव!" तिने जुळवले. "आता मागे ये. पण लांब पाऊल टाकू नको. पायांत अंतर पडू देऊ नको, रेषेवर अंतर पडलं की..." रेषा, अंतर, कॉलेजातले सगळे शब्द माझ्या तोंडातून निघत होते आणि त्या पाण्यावरून नुसते उडून जात होते. तिने एकदम वळून पळायचं मनात आणलं. मला तिचा खांदा वळताना दिसला. एक ढांग, फक्त एक ढांग टाकली असती तरी ती कवड्याशेजारी पडली असती.

आणि तेव्हा मला तिचेच शब्द सुचले. "फुई, आवणी! आवणीचं पाऊल! पाय नको उचलू!"

ती थांबली. खांदा परत समोर आला. तिने नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती होती, पण तिच्याखाली काहीतरी ओळखीचं होतं. तिने टाच मागे सरकवली. वीतभरही नाही. दुसरा पाय तिच्याजवळ आणला. "अशीच," मी म्हणाले. "अशीच ये. सरळ मागे." पुन्हा टाच. पुन्हा दुसरा पाय. आणि मग, जन्मभराची सवय ती, तिची कंबर वाकायला लागली. आवणीचं पाऊल टाकायचं म्हणजे शरीर आपोआप वाकतं, हात पाण्यात जातात. तिला ते कळतही नव्हतं. "वाकू नको! फुई, हात पाण्यात नको! ताठ रहा!" ती अर्ध्यावर थबकली, जुडी धरलेला हात पाण्याच्या वर, बोटभर उंचीवर. "ताठ उभं राहून कोण आवणी करतं!" ती ओरडली. खरंच ओरडली, चिडून. शेवंती माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून रडत होती. मी म्हणाले, "तू करतेस. आज तू कर." ती सावकाश ताठ झाली.

तांबड्याने त्या वेळी मान वळवली. त्याला बाबा दिसले. रोज याच वेळी बाबा त्याला जीभ टाळूला लावून एक आवाज काढत आणि तो येई. तो वळला असता तर पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे, सरळ रेघेवर आला असता. "बाबा, त्याला हाक मारू नका. त्याच्याकडे बघू पण नका." बाबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि पाठ फिरवली. माझ्या वडिलांना मी त्याआधी किंवा त्यानंतर इतकं असहाय कधी पाहिलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

फुई मागे येत होती. मी तिच्या पायांकडे बघत होते, आणि मध्येच कानांनी ओहोळापलीकडे बघत होते. गिरणी चालू होती. पट्ट्याचा तो फटफट आवाज, ज्याकडे एरवी आमचं लक्षही नसे, तो आता माझ्या छातीत वाजत होता. गिरणी वाजते आहे तोवर पाण्यात वीज आहे. टाच, पाय. फटफट. टाच, पाय. फटफट. झावळी आणखी थोडी सरकली. फुईचा डावा पाय एकदा थरथरला आणि तिने डोळे मिटून घेतले, पण पाय उचलला नाही. तिच्यापुढे, जिथून ती आली होती तिथे, चिखलाचं पाणी जरासुद्धा गढूळ झालेलं नव्हतं.

आणि गिरणी थांबली. पट्टा दोनतीनदा सुस्तावल्यासारखा वाजला आणि मग नुसता वारा उरला. पाठोपाठ लांबून रघूची हाळी आली. "बाहेर ये, फुई!" मी म्हणाले. ती तरीही आली ती तशीच, टाच सरकवत, बांधाला पाठ लागेपर्यंत. शेवंतीने आणि मी तिला काखेत धरून वर ओढलं. ती बसली. पाय समोर लांब करून त्यांच्याकडे बघत राहिली, जसे कुणा दुसऱ्याचे असावेत. मला वाटलं आता रडेल, मला जवळ घेईल, काहीतरी बोलेल. तिने हातातली जुडी माझ्यापुढे केली. "ही पाण्यात ठेव," ती म्हणाली. "सुकंल."

तांबड्या वाचला. त्यानंतर तो त्या खाचरात कधी उतरला नाही. बांधापाशी आला की चारी पाय रोवून उभा राहायचा आणि बाबांनीही त्याला कधी मारलं नाही. कवड्याला ताडाखालीच पुरलं. त्या संध्याकाळी फुईने पेज केली ती पाणचट झाली, आणि पहिल्यांदाच त्यावर कुणी काही बोललं नाही, तीसुद्धा नाही. बाबा जेवण झाल्यावर बराच वेळ दारात बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका बैलावर काय होणार आता? माणूस लागंल घरात. कॉलेजचं नाय जमायचं, सुमे." त्यांनी मला बगळी म्हटलं नाही, सुमे म्हटलं, त्यावरून मी समजले की हे 'मग बघू' नाही, हे ठरलं. ते चुकीचं बोलत होते असंही नाही. बैलाच्या जागी माणसाने उभं राहायचं, ही आमच्याकडची रीतच होती. फुई चुलीतले निखारे राखेखाली लोटत होती. या वेळी मला तिचा राग आला नाही, नुसतं रिकामं वाटलं.

वीज मंडळाची माणसं तार जोडून गेली, शेजाऱ्यांनी त्यांचे बैल आणून दिले, आणि वरच्या खाचराची आवणी पुढच्या दोन दिवसांत सुरू झालीच. रोपं कुणासाठी थांबत नाहीत. ओळीत फुई, शेवंती, शेजारच्या आणखी दोघी आणि मी. बाबा बांधावरून जुड्या देत होते. खांबाकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळ्या त्याच्याचकडे बघत होत्या. मी चिखलात पाय ठेवला. मग मी टाच मागे सरकवली. वीतभर. दुसरा पाय जवळ आणला. फुईचं ते पाऊल मी बांधावरून इतकं डोळे फाडून पाहिलं होतं की ते माझ्या पायांत उतरलं होतं. ओळीच्या मध्यावर पोचलो तेव्हा मी पहिल्यांदाच बाकीच्यांच्या बरोबरीने होते.

फुई कंबर ताठ करून उभी राहिली. माझ्या समोरच्या चिखलाकडे तिने बघितलं, अगदी नीट, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "लक्ष्या," तिने हाक मारली. बाबांनी मान वर केली. "या पोरीच्यानं आवणी नाय व्हायची. बघ, पाय उचलते. माना दुसरी आवणी करायला लागंल. उद्यापासून हिला एसटीत बसव, तठं जाऊन काय साळिंदरं काढायची ती काढू दे." बाबा जुडी हातात धरून उभे राहिले. त्यांनी माझ्या समोरचा चिखल पाहिला, मग बहिणीकडे पाहिलं. शेवंती काहीतरी बोलायला गेली आणि तिने ओठ मिटले. "लक्ष्या," फुई पुन्हा म्हणाली. "बरं," बाबा म्हणाले.

तिने माझ्या हातातली रोपं काढून घेतली आणि मला बांधाकडे ढकललं. ओळ सरकली, माझी जागा भरली, आणि फुई वाकून पुन्हा मागे मागे जायला लागली. मी बांधावर उभी राहून बघत होते. माझ्या ओळीपुढचा चिखल सारवलेल्या ओटीसारखा सपाट होता. त्यात एकही खड्डा नव्हता. त्या सकाळी मी एकदाही पाय उचलला नव्हता, आणि हे त्या खाचरात सगळ्यांना दिसत होतं.